मधलं नाव

पनवेल, २२ जून २०२५

बाय दिपिका,

माझं अक्षर बघून पाकीट फाडशील, म्हणून वरचा पत्ता तुझ्या वहिनीकडून, आशालताकडून लिहून घेतला आहे. आत मात्र मीच आहे. आता उघडलंच आहेस तर वाच.

तुझी हरकत काल महापालिकेकडून माझ्या हातात पडली. रजिस्टर पोस्टाने. सही घेताना पोस्टमन म्हणाला, "काय हरेशशेठ, कोर्टाचं हाय का?" मी म्हटलं, बहिणीचं आहे. त्याला वाटलं, यंदा राखी लवकर आली.

त्यात तू लिहिलं आहेस की "माझे बंधू श्री. हरेश यांनी वडिलांच्या घराच्या मालमत्ता कर नोंदीत वडिलांचे नाव काढून परस्पर स्वतःचे नाव लावून घेतले आहे." बंधू! जन्मात तू मला दादूस सोडून दुसरं काही म्हटलं नाहीस आणि वकिलाच्या एका कागदात मी श्रीयुत बंधू झालो. वाचून आधी हसू आलं, मग इतका संताप आला की आशालताने पाणी आणून दिलं ते ओट्यावर तसंच राहिलं.

त्या दिवशी पंगतीत जे झालं ते मला रोज आठवतं. बाबांचं वर्षश्राद्ध, सगळी भावकी जेवायला बसलेली, कोणीतरी महापालिकेच्या बिलांचा विषय काढला आणि तुझ्या प्रणितने मोबाईल उघडला. पोरगं हुशार, त्याने पत्ता टाकून आपल्या घराचं बिल काढलंसुद्धा. मालकाच्या जागी बाबांचं नाव नव्हतं. माझं होतं. त्याने ते मोठ्याने वाचलं आणि तू भरल्या पानावरून उठलीस. मी काहीच बोललो नाही असं तू सगळ्यांना सांगत फिरतेस. खरं आहे, नाही बोललो. मलाच तेव्हा पहिल्यांदा कळत होतं, काय बोलणार? आणि गप्प बसलेला माणूस चोरच दिसतो.

तू म्हणशील, इतकी वर्षं बिलं येतात आणि हा म्हणतो मला माहीत नव्हतं. पण गावकीने काय ठरवलं होतं ते तुलाही ठाऊक आहे. कराच्या दराचा वाद मिटेपर्यंत कोणी बिल भरायचं नाही. भरायचं नाही म्हटल्यावर उघडतो कोण? बाबा आलेलं बिल दारामागच्या पिशवीत कोंबायचे. ती पिशवी मी परवा पहिल्यांदा खाली काढली. सगळ्या बिलांवर मीच आहे.

आपल्या घराला सातबारा नाही, गावठाणातली घरं अशीच. ग्रामपंचायत होती तेव्हा घरपट्टीची पावती हाच काय तो आपला कागद, आणि ज्याचं नाव पावतीवर त्याचं घर, असं गावात लहान पोरालाही वाटतं. त्यामुळे तुझा राग मला कळत नाही असं समजू नकोस. कळतो. पण नाव मी लावलेलं नाही. कोणी लावलं ते शोधून काढतो, तोवर एकदा येऊन जा. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. आई दार वाजलं की आधी तुझं नाव घेते.

दादूस

पनवेल, ७ जुलै २०२५

बाय दिपिका,

पहिल्या पत्राचं उत्तर नाही. फोनवर तू मला अडवून ठेवलं आहेस, ते त्या बाईच्या आवाजावरून कळतं, "आपण डायल केलेला" वगैरे. म्हणजे पत्रच.

प्रभाग कार्यालयात जाऊन आलो. एकदा नाही, पण किती वेळा ते सांगून उपकार दाखवत नाही. एसटीत मी जन्मभर फलाटावर उभं राहून लोकांना सांगितलं, "पाटी नीट वाचा, मग विचारा." आता माझी पाळी आली. आपल्या चौकटीवर रंगवलेला जुना घर नंबर दिला तर संगणकात भलत्याच कोणाचा गोठा निघाला. नवा मालमत्ता क्रमांक बिलावर आहे, हाताएवढा लांब, तो टाकल्यावर घर सापडलं. खिडकीवरच्या बाईंना म्हटलं, इथे माझं नाव कसं लागलं ते हवं आहे. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "काका, इथे लोक नाव लागत नाही म्हणून रडत येतात. तुमचं लागलंय, तर तक्रार काय आहे?"

मी म्हटलं, लागलंय हीच तक्रार आहे. मागे रांगेत हशा पिकला.

शेवटी उताऱ्याची नक्कल मिळाली. ओट्यावर बसून ती मी गाडीच्या वेळापत्रकासारखी वाचली. मालक म्हणून एक रकाना, त्यात राहणारा म्हणून दुसरा. बांधकाम किती, पत्रा की स्लॅब, आणि कर पहिल्यांदा कधी बसवला ती तारीख. सगळ्यात खाली बारीक अक्षरात छापलं आहे की ही नोंद फक्त कर वसुलीसाठी आहे, हिच्यावरून मालकी ठरत नाही. हे वाक्य मी तुझ्यासाठी लाल शाईने अधोरेखित केलं आहे, नक्कल सोबत जोडली आहे. बघ तरी.

आणि आता जे सांगतो ते लपवलं तर तू उद्या स्वतः शोधशील, म्हणून सांगतो. तारीख बाबा गेल्यानंतरची नाही. बाबा धडधाकट होते तेव्हाची आहे, महापालिका झाल्यावर घरोघरी मोजणी झाली त्या सालची. मी मोठ्या आशेने गेलो होतो की तारखेवरून माझी सुटका होईल, तर झालं उलटंच. आता तू म्हणशील, बाप मेल्यावर सोड, बाप जिवंत असताना त्याचं नाव उडवलं! बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा.

एक गोष्ट मात्र मला खटकली आहे. आपल्या आळीतल्या बाकीच्या घरांच्या नोंदी पाहिल्या, तिथे प्रत्येकाचं नाव पूर्ण आहे, स्वतःचं, बापाचं, आडनाव. माझं नुसतंच "हरेश घरत". मधलं नावच नाही. मी लबाडी करायला बसलो असतो तर बापाचं नाव गाळून अर्धवट लबाडी केली असती का? तूच सांग. आजवर मी सही करतानासुद्धा बाबांचं रामू लिहायला विसरलेलो नाही.

नाव बदलायचा अर्ज आणला आहे. बाबांचा मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. वारस तिघं, आई, मी आणि तू. आईचा अंगठा घेतला, मी सही केली. तिसरी जागा मोकळी ठेवून अर्ज सोबत पाठवतो आहे. सही करून पाठव, तिघांची नावं लावून घेऊ आणि हा विषय मिटवू.

दादूस

पनवेल, १० ऑगस्ट २०२५

बाय दिपिका,

अर्ज परत आला. पाकीट न फोडता, वर "घेण्यास नकार" असा शिक्का. अक्षर ओळखायचं तुझं कसब दांडगं आहे.

काल राखी आली नाही. नारळी पुनवेला करंज्याला तुमच्याकडे किती गडबड असते ते मला माहीत आहे, होड्या सजवायच्या, नारळ सोडायचा. म्हणून सकाळी मीच निघालो. बंदरावर कुमारदाजी भेटले. बिचाऱ्यांनी चहा पाजला, होडीवर बसवलं, घरात मात्र नेलं नाही. "ती बोलली हाय, आनायचा नाय. मी काय करू, हरेशदादा?" असं म्हणून ते जाळ्याकडे बघत बसले. तुझ्या खिडकीचा पडदा हललेला मला दिसला. मी चहा पिऊन परत आलो.

पण हे पत्र त्यासाठी नाही. नाव कसं लागलं ते कळलं आहे.

मागच्या आठवड्यात आपट्याला गेलो होतो. आपल्या ग्रामपंचायतीत घरपट्टी लिहायच्या त्या शशिकलाताई आठवतात का, जाड चष्म्याच्या? निवृत्त होऊन त्या माहेरी नदीकाठी राहतात. मला वाटलं त्यांच्याकडे जुनं काहीतरी असेल. त्यांनी स्वच्छ सांगितलं, "सगळी दप्तरं महापालिकेत गेली. माझ्याकडे आता भाजीचा मळा आहे, हवी तर भेंडी न्या." एवढं मात्र म्हणाल्या की त्यांच्या वेळी घर बाबांच्याच नावाने लिहिलेलं होतं, याबद्दल त्या शपथ घेतील. पण तोंडच्या शब्दाने नोंद कुठे बदलते? मी निघालो तर फाटकाशी येऊन त्यांनी विचारलं, "मोजणीवाला आला तेव्हा घरी कोण होतं?"

मी घरी येऊन आईला शांतपणे विचारलं. तिला आठवत होतं. तरुण पोरगा होता, हातात टॅब, डोक्यावर टोपी, तिने त्याला ताक दिलं होतं. बाबा वावरात गेलेले, मी डेपोत, आशालता बाजारात. मग हे झालं. मी तिच्याच शब्दांत देतो.

"त्यानी इचारलं, आजी, घर कोनाच्या नावाव? मी बोलले, हरेशच्या बापासच्या. तो बोलला, नाव सांगा. मी बोलले, सांगतंय ना, हरेशचा बापूस. तो बोलला, हरेश काय? मी बोलले, हरेशचाच. मंग आडनाव इचारलं, ते दिलं. मंग तो गेला."

झालं, बाय. एवढंच झालं आहे. आपल्या आईने उभ्या आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही, हे आपल्याला काय नवीन आहे का? देवळात भजनाला सगळे राम राम म्हणायचे तेव्हा ती तोंड मिटून टाळ्या वाजवायची. बाबांना हाक मारायची तर "अवो" नाहीतर "हरेशचा बापूस". रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, तू शाळेत दाखल झालीस तेव्हासुद्धा तिने शेजारच्या माणसाला पुढे केलं, "तुमी सांगा यांचं नाव." त्या दिवशी शेजारी कोणी नव्हतं. ते परप्रांतातलं किंवा शहरातलं पोर, त्याला काय कळणार? त्याने जे नाव ऐकलं ते लिहिलं. जे ऐकलंच नाही ती मधली जागा रिकामी राहिली.

मी चोर नाही, दिपिका. हे वाचून तुला हसू आलं पाहिजे. आपण दोघं ओट्यावर बसून पोट धरून हसायला पाहिजे होतं याच्यावर. ये.

दादूस

पनवेल, ४ सप्टेंबर २०२५

दिपिका,

तुझा निरोप कुमारदाजींनी गणपतीत फोन करून सांगितला. त्यांनाही सांगताना जड गेलं. "ती बोलते, दादूसनी आयेला पढवलंय."

पढवलंय. आपल्या आईला! जिला आजवर कोणी रांगोळीची रेघसुद्धा आपल्या मनासारखी काढायला लावू शकलं नाही. खरं सांगायचं तर मी आता थकलो आहे. खोटं बोललो असतो तर काहीतरी बरं, पटेल असं खोटं बोललो असतो. हे खरं आहे म्हणूनच इतकं बावळट आहे. महापालिकेत सांगितलं तर त्या बाई म्हणाल्या, गोष्ट छान आहे काका, पण पुरावा काय? तुला सांगितलं तर तू म्हणतेस, पढवलं. गावात सांगितलं तर लोक "हो हो" म्हणतात आणि पाठ वळली की डोळे मिचकावतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मला या चार महिन्यांत नीट कळलं.

आणि मागच्या पत्रात एक गोष्ट मी बदलून लिहिली. आईला शांतपणे विचारलं असं म्हटलं होतं. विचारायला सुरुवात शांतपणे केली. तिने ते सगळं सांगितल्यावर मात्र मी ओरडलो. "एक नाव घेता येत नव्हतं तुला? एका नावापायी पोरगी गेली तुझी!" असं ओरडलो. आशालता आतून धावत आली. आई रात्री जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही पेजेवरच होती. तेव्हापासून ती कमी बोलते. तुला हे कळवायचं नव्हतं, पण आता कळवतो, कारण तू माझा जो काही न्याय करायचा तो यासाठी कर. त्या नोंदीसाठी नको.

तुझ्या हरकतीवर १८ तारखेला सुनावणी ठेवली आहे. तुलाही कागद आला असेल. अधिकारी म्हणून आभा मॅडम आहेत, नवीन आहेत, ऐकून घेतात. त्यांनी सांगितलं की मोजणीच्या वेळी जी व्यक्ती घरी होती तिने स्वतः येऊन घर कोणाचं ते नावानिशी सांगितलं आणि तुझा त्याला आक्षेप नसेल, तर चूक झाली असं धरून बाबांचं नाव परत लावता येईल. मग पुढे वारसांचं बघता येईल. नावानिशी, यावर त्यांनी जोर दिला. "हरेशचे वडील असं चालणार नाही, तसं आधीच एकदा लिहून झालंय," म्हणाल्या.

मी घरी आलो आणि आईला काही बोललोच नाही. पण आशालताने सांगितलं. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी येतंय. मी सांगन."

मी म्हटलं, आई, राहू दे, तुझ्याच्याने होणार नाही.

ती म्हणाली, "माजी सासू बोलायची, नाव घेतलं का नवऱ्याचं आयुष कमी होतं. आता कुनाचं कमी व्हायचं हाय?"

तरी मी तिला म्हटलं, आत्ता घेऊन दाखव, मला ऐकू दे. तिने तोंड उघडलं. ओठ हलले. काही आलं नाही. दोनदा झालं तसं. मग ती उठून देवाजवळ जाऊन बसली आणि वातीला तूप लावत राहिली. सत्तेचाळीस वर्षांचा संसार, आणि ते नाव तिच्या गळ्याखाली उतरलेलं नाही की गळ्यातून वर येत नाही.

तू १८ तारखेला ये. माझ्यासाठी नाही. ती बोलेल तेव्हा तू समोर असलीस तर तिला बोलवेल असं मला वाटतं. आलीस आणि तरीही तुला वाटलं मी पढवलं, तर मी काय हवं ते लिहून देतो, घर तुझं, ओटा तुझा, पाण्याचा नळसुद्धा तुझा. फक्त ये.

दादूस

पनवेल, १९ सप्टेंबर २०२५

दिपिका,

तू आली नाहीस. तुझा कागद आला होता.

काल आई पहाटेच उठून तयार होऊन बसली. ठेवणीतलं लुगडं काढलं, बाबा गेल्यापासून ते पेटीतच होतं. केसांना तेल लावून घेतलं आशालताकडून. रिक्षात बसल्यावर तिचे ओठ सारखे हलत होते. मला वाटलं, देवाचं म्हणते आहे. खांदा कॉलनीच्या सिग्नलला मी विचारलं, "आई, जमेल ना?" तर तिने मला हाताने गप्प केलं, पाठ म्हणणाऱ्या मुलाला मध्येच कोणी हाक मारली की तो करतो तसं.

कार्यालयात गर्दी होती. आमचा पुकारा झाल्यावर मी आईला हाताला धरून आत नेलं. तुझ्यासाठी एक खुर्ची ठेवली होती. आई आधी त्या खुर्चीकडे बघत राहिली. मॅडमनी फाईल उघडली आणि म्हणाल्या, "बरं झालं, तुमचा विषय मिटला. अर्जदारांनी हरकत मागे घेतली आहे."

तुझा कागद त्यांनी मला वाचायला दिला. नोटरीचा शिक्का, तुझी सही. "वडिलांच्या घरात मला कोणताही हक्क अथवा हिस्सा नको. माझी हरकत मी मागे घेत आहे. नोंदीत भावाचे नाव आहे तेच राहू द्यावे. यापुढे या विषयाचा कोणताही कागद मला पाठवू नये." निदान बंधू लिहिलं नाहीस.

आपल्यात बहिणी हक्क सोडतात. मोठ्या आत्याने सोडला, मावशीने सोडला. पण त्या कशासाठी सोडतात, दिपिका? माहेर राहावं म्हणून सोडतात. भाऊबीजेला दार उघडं मिळावं म्हणून सोडतात. घरही सोडलं आणि दारही सोडलं, असं मी कुठे पाहिलेलं नाही. तुला वाटलं असेल, आता घे म्हणावं, पोटभर घे. मला ते कळलं. तू मारलंस तसंच लागलं.

मी मॅडमना म्हटलं, मला हे नाव नको आहे, ही चूक आहे. त्या म्हणाल्या, "काका, हरकत नाही म्हटल्यावर मी नोंदीला हात कशाच्या जोरावर लावू? नाव तुमचंच कायम राहील. बदलायचं असेल तर वेगळा अर्ज करा, सगळ्या वारसांच्या सह्यांसह." मी म्हटलं, तिने तर लिहिलंय की कागद पाठवू नका. त्यांनी हात उघडे करून दाखवले. बाई चांगल्या आहेत, दिपिका. त्यांच्या हातात काही नव्हतं. माझ्याही नव्हतं. सगळ्यांनी आपापलं बरोबर केलं आणि एक चूक पक्की झाली.

आई मला म्हणाली, "मना कवा इचारनार?"

मॅडम म्हणाल्या, "आजी, आता तुमचा जबाब नकोय. मिटलं सगळं. जावा तुम्ही घरी." आणि त्यांनी पुढचं नाव पुकारायला सांगितलं. कुठल्याशा सोसायटीचा माणूस हातात जाडजूड फाईल घेऊन आतसुद्धा आला.

आई उठली नाही. मी तिच्या खांद्याला हात लावला तर तो तिने बाजूला केला. मग ती टेबलाच्या कडेला धरून उभी राहिली, डोक्यावरून पदर घेतला, मान खाली घातली, आणि नव्या नवरीने मांडवात घ्यावा तसा तिने उखाणा घेतला.

"मिठागरान पानी, पान्याचं झालं मीठ,
रामूचं नाव घेतंय, सायब लिवा नीट."

साधं नाव तिच्या तोंडातून निघत नव्हतं, म्हणून तिने ही वाट काढली होती. उखाण्यात नाव घ्यायला हरकत नसते. इतके दिवस देवाजवळ बसून ती तो जुळवत होती, रिक्षातही तोच म्हणत होती, आणि मला वाटलं, देवाचं आहे.

सोसायटीवाला माणूस म्हणाला, "वा आजी!" दारातल्या कोणीतरी टाळ्या वाजवल्या. खिडकीवरच्या त्या बाईही हसल्या, वाईट नाही, कौतुकानेच. मॅडम म्हणाल्या, "फारच छान, आजी." त्यांना वाटलं असेल, म्हातारी खूश झाली म्हणून उखाणा घेतला. मग लेखनिकाने आमची फाईल बंद केली आणि निकाली निघालेल्या गठ्ठ्यावर ठेवली. मी तिथे उभा होतो. मी सांगायला हवं होतं की थांबा, हा जबाब आहे, हा लिहून घ्या. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. आईला जमलं ते मला जमलं नाही.

बाहेर आल्यावर आईचा चेहरा असा होता की मी तो तुझ्या लग्नानंतर पाहिला नव्हता. रिक्षात बसल्यावर तिने विचारलं, "लिवलं ना रं त्यांनी?"

मी म्हटलं, "लिवलं."

"नीट लिवलं?"

"नीट लिवलं, आई."

ती मागे टेकून बसली. बरंच अंतर गेल्यावर म्हणाली, "मंग आता दिपिका येल."

आज सकाळपासून ती ओट्यावर बसून आहे. आत ये म्हटलं तर येत नाही. मी तिला काय सांगू, ते तूच सांग.

दादूस